पिकलेलं पाणी

हवालदार पाण्याला हात लावायच्या आधी नाक लावायचे. काचेच्या टाकीवर कमरेत वाकून, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचे. मग उजव्या हाताची करंगळी पाण्यात बुडवून अंगठ्यावर चोळायची, बुळबुळीत लागते का ते बघायचं, आणि एवढं सगळं झाल्यावर कुठे माशांकडे नजर टाकायची. ऑफिसात नव्याने आलेला माणूस हटकून विचारायचा, "काय हवालदार, मासे काय म्हणतात?" त्यावर उत्तर ठरलेलं असे.

"माशाचं मासा बघंल. आपन पान्याचं बघायचं."

तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल. वर्षानुवर्षं एकच वाक्य बोलणारा, आणि आपण ते हसून सोडून दिलेलं. मी त्या वाक्यावर आठ महिने हसलो. नंतरचं सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

माधवनगरच्या एका कापडगिरणीत मी तेव्हा हंगामी कारकून होतो. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. हवालदार हे खरे हवालदार नव्हतेच. पलटणीतून ते साधे शिपाई म्हणून परत आले होते, पण त्यांची पाठ इतकी ताठ होती की गिरणीने त्यांना परस्पर बढती देऊन टाकली. मूळचे औंधच्या बाजूचे. गिरणीत लागले ते ब्लीचिंग खात्यात, म्हणजे जिथे कापड पांढरं करतात तिथे. सहा वर्षांत कापड पुष्कळ पांढरं झालं आणि यांची छाती निकामी झाली. तिथल्या वाफेने त्यांना असा खोकला जडला होता की तो सुरू झाला की ते भिंतीला हात टेकून उभे राहायचे, आणि संपला की जणू दुसऱ्याच कुणाला आला होता अशा चेहऱ्याने कामाला लागायचे.

ते ऑफिसात आले त्याला कारण म्हाताऱ्या शेठजींचा आजार. शेठजींना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तरी ते रोज अकराला गिरणीत येऊन बसत. त्यांना विरंगुळा म्हणून जावईबापूंनी मुंबईहून काचेची टाकी, हवेचा पंप आणि पाच गोल्डफिश आणले. पाचही मासे आठ दिवसांत मेले. पुन्हा पाच आणले, तेही मेले. शेठजी मेलेल्या माशांकडे बघून लहान मुलासारखे रडायचे. त्या सुमारास हवालदार कसली तरी चिठ्ठी घेऊन ऑफिसात आले होते. टाकीपाशी थांबले, वास घेतला आणि म्हणाले, "पानी कच्चं हाय."

पलटणीत असताना जबलपूरला ते एका कर्नलच्या बंगल्यावर होते. तिथल्या मेमसाहेबांच्या टाक्या चार वर्षं त्यांनी सांभाळल्या होत्या. त्यांनी महिनाभराची मुदत मागितली. एका मातीच्या कुंडीत विटांचे तुकडे भरून ती टाकीत ठेवली, तिच्यात हवेची नळी सोडली, आणि मासा नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायला लागले. टाकलेलं कुजायचं, पाणी गढूळ व्हायचं, वास मारायचं. हवालदार रिकाम्या टाकीला जेवू घालतोय म्हणून सगळी गिरणी येऊन बघून गेली. महिना झाल्यावर पाणी आपोआप निवळलं. मग मासे आणले, आणि ते जगले. शेठजींनी डाव्या हाताने खूण करून हवालदारांना टाकीजवळच्या स्टुलावर बसवलं. त्या दिवसापासून ती त्यांची जागा झाली. ब्लीचिंग सुटलं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलंच होतं, की आणखी दोन वर्षं त्या खात्यात काढलीस तर छाती उरणार नाही.

मी लागलो ते हे सगळं होऊन गेल्यावर. सकाळी अकरा ते एक शेठजी खुर्चीत आणि हवालदार स्टुलावर. एकाला बोलता येत नव्हतं, दुसऱ्याला गरज वाटत नव्हती. दोघांची जोडी छान जमली होती. बाहेर अंगणात दोन रुंद घमेल्यांत नळाचं पाणी उन्हात ठेवलेलं असायचं, त्यातल्या जंतुनाशक औषधाचा वास जाईपर्यंत दोन दिवस. आठवड्यातून एकदा टाकीतलं चौथा हिस्सा पाणी काढून तेवढंच हे शिळं पाणी घालायचं. काचेचा पुढचा भाग ते फडक्याने पुसत, पण कुंडीतल्या विटांना कधी फडकं लावत नसत. त्या विटांवर तपकिरी, बुळबुळीत साय धरली होती. मला बघवत नसे.

मी जात्याच टापटिपीचा. शाईची दौतसुद्धा आठवड्याला धुणारा. एकदा न राहवून म्हणालो, "हवालदार, एवढी निगा राखता आणि ही घाण तेवढी ठेवता?"

"ती घान न्हाई, भाऊसाहेब. माशाची घान खानारं किडं असत्यात, बारीक, डोळ्यास्नी दिसत न्हाईत. त्येंची वसती हाय ती. ती वसती बसली की पानी पिकलं म्हनायचं. न्हाईतर मासा आपल्याच मुतानं मरतोय."

"म्हणजे विरजणच की."

"आता कसं बोललात! विरजनाचं भांडं कोन सोडा लावून घासतंय व्हय?"

मी हसलो. न दिसणारे किडे ही पलटणीतली थाप असावी असं मला वाटलं होतं.

दसऱ्याला ते नागपूरला जायचे. छप्पन साली वडिलांच्या बरोबर दीक्षा घ्यायला गेले होते, तेव्हापासून पलटणीतली वर्षं सोडली तर दसरा चुकवलेला नव्हता. त्या वर्षी शेठजी उपचारासाठी मुंबईला होते, ते धनत्रयोदशीच्या पूजेला परत यायचे होते. मॅनेजरसाहेबांनी रजेच्या अर्जावर सही केली आणि मान वर न करता म्हणाले, "जा. पण शेठ येतील तेव्हा टाकी नांदती दिसली पाहिजे. माशांसाठी तुला इथे ठेवलाय. मासे गेले तर तुझं इथे काम काय? ब्लीचिंगला माणूस कमीच आहे."

"जी साब," हवालदार म्हणाले. जाताना माझ्या टेबलाशी थांबले. "येकाआड येक दिस चिमूटभर खाऊ टाका. दुसरं काय बी नगं. पान्याला हात लावू नका."

ते अष्टमीला गेले आणि नवमीला मी टाकी धुतली.

तुम्ही म्हणाल, सांगितलेलं असताना? पण खंडेनवमी होती. आमच्या भागात त्या दिवशी धुवायचं म्हणजे धुवायचं. माग, मोटारी, तराजू, सायकली, सगळं पाण्याने लख्ख करून हळदकुंकू वाहायचं. आमच्या ऑफिसात तर टाइपरायटरलाही झेंडूची माळ असे. सगळं चकचकीत झाल्यावर ती टाकी तेवढी कोपऱ्यात मळकी दिसायला लागली. मॅनेजरसाहेब जाताजाता म्हणाले, "हे पण जरा बघा की कुणीतरी." बघणारा मी होतोच. दिवाळीत हंगामी लोकांना कायम करण्याच्या ऑर्डरी निघायच्या होत्या, हेही सांगून टाकतो.

मासे बादलीत काढले. धुण्याचा सोडा आणि काथ्या लावून काचा घासल्या. वाळू बारा पाण्यांतून काढली. विटा मागच्या अंगणात फेकल्या आणि कुंडीत नवा कोळसा भरला. नळाचं ताजं पाणी भरलं. टाकीला माळ घातली. काय दिसत होती म्हणून सांगू! लोक आपापली यंत्रं सोडून बघायला आले. मॅनेजरसाहेब म्हणाले, "वा! आता कशी मालकाच्या ऑफिसातली टाकी वाटते."

हवालदार कोजागिरीच्या दिवशी परतले. स्टेशनवरून थेट, खांद्याला पिशवी तशीच. दारातच थबकले. टाकीपाशी गेले, वाकले, श्वास घेतला. मग वळून सगळ्यांकडे बघितलं.

"कुनी धुतलं?"

मी फाईल उघडली आणि तिच्यात काहीतरी शोधू लागलो. पाचही मासे जिवंत होते, पण पाण्याच्या अगदी वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. शेपट्यांवर लाल रेघा उमटल्या होत्या. हवालदार मागे गेले, अंगणातली एक वीट उचलली. सहा दिवस उन्हात पडून ती खडखडीत वाळली होती. नाकाला लावली आणि खाली ठेवली. "मेल्या," एवढंच म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्यापाशी आले.

"भाऊसाहेब, येवडं चांगलं दुसऱ्या कुनी धुतलं नसतं."

"मला वाटलं..."

"वाटलं आसंल. आता ऐका. साहेबांस्नी तुमी सांगायचं. मी हून सांगनार न्हाई. पर त्येंनी इचारलं तर मी झाकनार बी न्हाई."

"सांगतो. दोन दिवसांत सांगतो."

"आन आता बाह्या वर करा. तेरा दिस हायत आपल्याकडं."

त्या तेरा दिवसांत मला पाण्याचा धाक बसला. काचेतून आरपार दिसणारं, नितळ पाणी, आणि त्यात विष. ते दिसत नव्हतं म्हणून जास्तच भीती वाटायची. माशांचं खाणं बंद केलं. नवरात्रातले आमचे उपास सुटले आणि माशांचे सुरू झाले. घमेली दोनाची सहा झाली. रोज सकाळी आणि संध्याकाळी थोडं पाणी काढायचं, थोडं उन्हातलं घालायचं. फार काढलं तर मासे घाबरतात, कमी काढलं तर गुदमरतात. हवालदार करंगळी बुडवून ठरवायचे. मी प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडाकडे बघायचो. दोन दिवस झाले, चार झाले, आणि मॅनेजरसाहेबांच्या खोलीचं दार मी काही ढकललं नाही.

पाचव्या दिवशी वीजकपातीचा वार होता. गिरणी बंद, भोंगा बंद, टाकीतला पंप बंद. बुडबुडे थांबल्यावर ऑफिसात अशी शांतता झाली की माशांच्या तोंडांचा चप चप आवाज ऐकू यायला लागला. हवालदारांनी तांब्या घेतला. टाकीतलंच पाणी भरून घ्यायचं आणि हातभर उंचीवरून परत टाकीत ओतायचं, म्हणजे हवा मिसळते. पंधरा मिनिटांत माझा दंड भरून आला. मग ते, मग परत मी. खोकला आला की ते तांब्या माझ्या हातात देऊन तोंड टाकीकडून वळवत, आणि थांबला की तांब्या परत मागून घेत. दुपारी दीडपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत आम्ही पाणी ओतत होतो. वीज आली तेव्हा एक मासा कुशीवर तरंगत होता.

त्यांनी तो कागदात गुंडाळला आणि मॅनेजरसाहेबांपुढे जाऊन उभे राहिले. "साब, येक गेला."

"चार राहिले," साहेब म्हणाले. दुसरं काही विचारलं नाही. मी दाराआड उभा होतो, तो तसाच मागच्या पावली परत आलो.

"असं पानी बदलून आपन निस्ता येळ काढतोय," हवालदार म्हणाले. "विरजन पायजे. जित्तं. जिथं लय वर्सं मासं हायत आन औषिद न्हाई, तिथला धोंडा पायजे."

"आमच्या मळ्यातल्या विहिरीत मासे आहेत," मी बोलून गेलो. "आजोबांनी सोडलेले. पाणी साफ राहतं म्हणून."

"तुमच्या हिरीत," ते म्हणाले. "बरं. जाऊ."

रविवारी सायकलींवर निघालो. गाव तासगावच्या वाटेवर, दीड तासाचं. खोकल्यामुळे त्यांना दोनदा उतरावं लागलं. मळ्यात आमचे चुलते, आण्णा, मोटेच्या दगडावर बसले होते. राम राम झाला. धोंडे कशाला हवेत ते मी सांगितलं. आण्णांनी हवालदारांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पाव्हनं कुठल्या गावचं?"

"औंधच्या अलीकडचं."

"कुनापैकी?"

"आमी बौद्ध," हवालदार म्हणाले. त्याच आवाजात, ज्यात त्यांनी गाव सांगितलं होतं.

आण्णा माझ्याकडे वळून अतिशय गोड आवाजात म्हणाले, "तू उतर की रं हिरीत. पाव्हन्यास्नी कशाला तरास देतूस?"

"व्हय," हवालदार म्हणाले, "पाव्हन्याला कशाला तरास." आणि विहिरीच्या काठापासून चार पावलं मागे जाऊन उभे राहिले.

मी काय केलं? मी कपडे काढून विहिरीत उतरलो. त्या क्षणी मला लाज वाटली नाही, खरं सांगतो. आण्णा भडकले तर धोंडे मिळायचे नाहीत, एवढीच चिंता होती. पायऱ्यांखाली बुडी मारून दोन धोंडे वर आणले. हवालदार लांबूनच ओरडले, "हिरवा नगं! ते शेवाळ हाय. सावलीतला आना, तपकिरी. हाताला साय लागली पायजे." पुन्हा बुडी. पुन्हा चुकीचा. करंगळीने एका क्षणात ओळखणारा माणूस काठापासून चार पावलं मागे उभा होता, आणि खाली मी आंधळ्यासारखा चाचपडत होतो. चौथ्या खेपेला जमलं. आठ धोंडे निघाले. ते ओल्या पोत्यात गुंडाळून आम्ही सायकलीला बांधले.

परत येताना वाटेत ते एकदाच बोलले. "आमच्या गावात पानी बघायला मिळायचं. शिवायला न्हाई. म्हनून वास घ्यायची सवं लागली." असं म्हणून ते हसले. मला हसता आलं नाही. लाज तेव्हा वाटली, माळरानात, सायकलवर, काही उपयोग नसताना.

धोंडे कुंडीत गेले. तीन दिवसांत मासे वरून खाली उतरले आणि मला वाटलं, जिंकलो. हवालदार मात्र स्टुलावरून उठेनात. "आजून न्हाई. घान अर्दी पचली की मदी दुसरं इख तयार हुतंय. त्ये बी खानारं किडं निराळं. ते उशिरा बसत्यात." आणि झालंही तसंच. दुसऱ्या दिवशी मासे पुन्हा वर आले. कल्ल्यांचा लाल रंग जाऊन ते तपकिरी पडले. हवालदारांनी मापून खडे मीठ पाण्यात सोडलं. "मेमसाबनं शिकवलं. मिठानं इख मरत न्हाई, पर अंगात शिरत न्हाई." तरीही दुसरा मासा गेला. धनत्रयोदशीला चार दिवस राहिले होते आणि टाकीत तीन मासे.

त्या दुपारी मी मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेलो. सांगितलं, की टाकी मी धुतली. हवालदारांनी बजावलं होतं, तरी धुतली. मासे माझ्यामुळे मेले.

साहेब हसले. "अहो, तुम्ही स्वच्छताच केलीत ना? त्यात काय गुन्हा केलात? माणूस जागेवर पाहिजे होता. ऐन सणाला नागपूरला जायचं कारण काय त्याला? तुम्ही कशाला मनाला लावून घेता? जा, काम करा."

दहा दिवस जी गोष्ट सांगायला मी घाबरत होतो, ती त्यांनी टेबलावरच्या धुळीसारखी झटकून टाकली. मी सुटलो होतो. मी येऊन हवालदारांना सांगितलं.

"मंजी मी नागपूरला गेलो ह्यो गुन्हा," ते म्हणाले. इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि भिंतीला हात टेकावा लागला.

धनत्रयोदशीच्या आदल्या सकाळी त्यांनी टाकीवर वाकून श्वास घेतला. करंगळी बुडवली. माझ्याकडे न बघता खिशातून पुडी काढली आणि चिमूटभर खाणं पाण्यात टाकलं. बारा दिवसांतलं पहिलं. तिन्ही मासे वर झेपावले, खाऊन खाली गेले आणि खालीच राहिले. मी ओरडलोच असेन, कारण टाइपिस्ट दचकला. हवालदार स्टुलावर बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी शेठजी आले. खुर्चीत बसवल्यावर त्यांनी बोट दाखवत मासे मोजले, पुन्हा मोजले. मग डावा हात हवालदारांच्या हातावर ठेवला. पूजा झाली. बत्तासे वाटले. मॅनेजरसाहेबांनी मला खोलीत बोलावलं.

"तुमची कायमची ऑर्डर काढतोय," ते म्हणाले. "आणि पाडव्यानंतर हवालदार ब्लीचिंगला जाईल. दोन मासे गेलेत, मी त्याला सांगितलंच होतं. टाकीचं तुम्ही बघा. तुम्हाला आता सगळं येतं की. मी रोज बघत होतो."

खरंच येत होतं. तेरा दिवसांत त्यांनी मला सगळं शिकवलं होतं, मासे वाचावेत म्हणून, म्हणजे त्यांची जागा वाचावी म्हणून. आणि मला येत होतं म्हणूनच आता त्यांची गरज उरली नव्हती. मला येत नाही, असं मी म्हणू शकलो असतो. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं फक्त.

मी म्हणालो, "बरं."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले ते शेवटचे. पलटणीत ड्यूटी बदलताना करतात तसं त्यांनी मला टाकीपाशी उभं केलं. "चार्ज घ्या." नळी, पंपाचं जादा रबर, मिठाची बरणी, खाण्याची पुडी, एकेक वस्तू माझ्या हातात दिली. माझी बाही स्वतः वर सारली आणि माझा हात मनगटापर्यंत पाण्यात धरून ठेवला. "ध्यानात ठेवा. पिकल्यालं पानी असं लागतंय."

"हवालदार, मी साहेबांशी बोलतो," मी म्हणालो.

"बोलला असता तर कवाच बोलला असता," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग उपरणं नाकातोंडावर बांधून घेतलं आणि अंगण ओलांडून ब्लीचिंगच्या दाराकडे ताठ पाठीने चालत गेले.

अकराला शेठजी आले. खुर्चीत बसले, मासे पाहिले, आणि डाव्या हाताचं बोट रिकाम्या स्टुलाकडे करून माझ्याकडे बघितलं. मॅनेजरसाहेब मागे उभे होते. मी म्हणालो, "रजेवर आहेत."

दुसऱ्या दिवशी मागे कुणीही नव्हतं. शेठजींनी स्टुलाकडे बोट केलं. त्यांना कळलं असतं तर एका खुणेसरशी त्यांनी हवालदारांना परत आणलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणालो, "आजही रजेवर आहेत. येतील."

पुढच्या पावसाळ्यात हवालदारांनी ब्लीचिंगमधूनच काम सोडलं. छाती फार गेली होती. कुणी म्हणालं गावाकडे गेले, कुणी म्हणालं मिरजेच्या दवाखान्यात आहेत. मी चौकशी केली नाही. टाकी उत्तम चालली होती. पाणी असं पिकलं होतं की बाहेरची माणसं बघायला यायची, आणि शेठजी रोज अकराला येऊन मासे बघायचे, मग स्टुलाकडे बोट करायचे. मी रोज "रजेवर आहेत" म्हणायचो. असं दोन वर्षं चाललं. मग एके दिवशी ते आले, मासे पाहिले, स्टुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बोट उचललं नाही.